भोचक बायकांच्या रहस्यकथा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरात आमच्या पुढच्या खोलीत एक जुनं लोखंडी कपाट आहे. त्यात दोनशेच्या आसपास पुस्तकं आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात कुणीतरी मेलेलं आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दहा-बारा जणी जमतो, पुस्तकं बदलून घेतो, चहा पितो आणि खुनाबद्दल बोलतो. नवीन येणारी प्रत्येक जण तेच ते प्रश्न विचारते. उत्तरं देऊन माझा चहा गार होतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

‘कोझी मिस्टरी’ म्हणजे नक्की काय?

खून होतो, पण रक्ताचे ओघळ दिसत नाहीत. गाव लहान असतं, माणसं एकमेकांना ओळखून असतात. शोध लावणारी व्यक्ती पोलिसातली नसते, हौशी असते. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी बेकरीवाली, कुणी नुसतीच शेजारीण. शिवीगाळ नाही, शयनगृहाचं दार वेळेवर लोटलेलं. शेवटी गुन्हेगार सापडतो आणि गाव पुन्हा आपल्या कामाला लागतं. कुत्र्यामांजरांना सहसा काही होत नाही. माणूस मेलेला वाचकाला चालतो, मांजर मेलेलं चालत नाही.

मराठीत याला नाव नाही. ‘सौम्य रहस्यकथा’ म्हटलं की औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचल्यासारखं वाटतं. आमच्यातली एक याला ‘चादरकथा’ म्हणते. इंग्रजी शब्दात ऊब आहे आणि ऊब म्हटलं की सोलापूरकराला दुसरं काय आठवणार? पण मे महिन्यात त्रेचाळीस अंशांत चादरीचं नाव काढवत नाही. तेव्हा इथे ‘कोझी’च म्हणू.

खुनाची गोष्ट, आणि म्हणे ऊबदार! हे कसं काय?

हा प्रश्न बहुतेक वेळा सासूबाई विचारतात, तोही सुनेच्या हातात पुस्तक दिसल्यावर.

या प्रकाराची घडी बसली ती इंग्लंडमध्ये, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. घराघरात कुणी ना कुणी लढाईत गेलेलं. अशा वाचकांना खऱ्या मरणाचं वर्णन नको होतं. विस्कटलेलं काहीतरी शेवटी नीट लागतं, एवढं पाहायचं होतं. त्यामुळे कथेतला मृतदेह हा शब्दकोड्यातल्या पहिल्या चौकोनासारखा असतो. मेलेला माणूसही निवडून घेतलेला: श्रीमंत, खवट, आणि दर सहा महिन्यांनी मृत्युपत्र बदलणारा. फारसं कुणी हळहळत नाही.

पण ‘ऊबदार’ म्हणजे गोडगोड, असं समजून आलात तर फसाल. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या कथांतली शोध लावणारी मिस मार्पल ही म्हातारी बोलायला लोण्यासारखी मऊ, मात्र माणसांबद्दल तिचं मत अतिशय वाईट. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच ती चालते आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर निघतं. गुन्हेगारही बाहेरून आलेला दरोडेखोर नसतो, जेवणाच्या टेबलावर मीठ पुढे करणारा असतो. विचार केला तर हे काही फार ऊबदार नाही.

‘हौशी’ कुणाला म्हणायचं? पैसे घेणारी चालेल का?

काटेकोर बोलायचं तर नाही. पॅट्रिशिया वेंटवर्थ यांची मिस सिल्व्हर 1928 मध्ये आली. पूर्वाश्रमीची गव्हर्नेस (म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी बाई), सतत विणकाम करणारी, पण फी घेऊन काम करणारी. बोट्स्वानाच्या गॅबरोन शहरातली मॅडम रामोत्स्वे (पहिलं पुस्तक 1998) तर वडिलांनी ठेवलेली गुरं विकून चक्क कचेरी थाटते. दोघीही धंदेवाईक. तरीही माझ्या कपाटात त्या याच फळीवर आहेत, कारण दोघींचीही रीत घरगुती आहे. शिवाय कपाट माझं आहे.

शोध लावणारी बाईच का? पुरुषांनी काय घोडं मारलंय?

काही नाही. पण या प्रश्नाचं उत्तर नीट दिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

गोष्टींमधल्या बायका खऱ्या बायकांच्या कितीतरी आधी गुन्ह्यांचा माग काढू लागल्या. लंडनमध्ये स्त्री-गुप्तहेराच्या तोंडून सांगितलेल्या कथांचं पुस्तक 1864 सालीच निघालं होतं. अटकेचा पूर्ण अधिकार असलेली पहिली ब्रिटिश महिला पोलीस एडिथ स्मिथ, ती मात्र 1915 मध्ये ग्रँथम गावात नेमली गेली. मधली पन्नास वर्षं लेखकांपुढे पेच होता: बाईला शोध लावायला द्यायचा, पण तिच्याकडे ना बिल्ला, ना कचेरी, ना कुणाला प्रश्न विचारायचा हक्क. मग तिच्याकडे काय होतं? खिडकी. शेजार. आणि वेळ.

अमेरिकेच्या अ‍ॅना कॅथरीन ग्रीन यांनी 1897 मध्ये अमेलिया बटरवर्थ नावाची अविवाहित, पैसेवाली, स्वतःच्या अकलेवर प्रचंड विश्वास असलेली बाई उभी केली. शेजारच्या घरापुढे रात्री घोडागाडी थांबली, ही खिडकीत आली, आणि तिथून सगळं सुरू झालं. ती वारंवार सांगते की मला चौकशा करायची मुळीच सवय नाही. अशी बाई आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. मी तीस वर्षं जिच्या शेजारी राहिले ती तर नक्कीच.

मला सांगायचंय ते असं. बाईने शेजारी काय चाललंय ते पाहिलं की त्याला आपण भोचकपणा म्हणतो. चोंबडेपणा म्हणतो. तेच पुरुषाने भिंग हातात धरून केलं की निरीक्षणशक्ती. या कादंबऱ्या हा हिशेब उलटा मांडतात. दुधाची बाटली उचलली गेली नाही, पडद्याची कड उलटी शिवलीय, कामवालीने आज वेगळी चप्पल घातलीय, हे ज्ञान कुठल्याही अकादमीत शिकवत नाहीत. घर चालवता चालवता ते अंगात मुरतं. पोलीस निरीक्षकाला ते नसतं, म्हणून तो दोनशे पानं चुकत राहतो.

विणकामाचीच गोष्ट घ्या. मिस मार्पल कायम काहीतरी विणत असते, याची लोक थट्टा करतात. मला तर ती फार हुशारीची चाल वाटते. हातात काम असलेल्या बाईकडे कुणी लक्ष देत नाही. सोलापुरात आपण लोकर विणत नाही, पण मेथी निवडत बसलेल्या किंवा शेंगा फोडत बसलेल्या बाईसमोर लोक काय काय बोलून जातात, ते आठवून पाहा.

मिस मार्पल कुठून सुरू करू?

अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या मार्पल-कादंबऱ्या एकूण बारा, शिवाय वीस लघुकथा. क्रमाने वाचायचं बंधन नाही. माझा सल्ला मात्र ठरलेला आहे.

आधी लघुकथा. 1932 चं ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’. मंगळवारी संध्याकाळी काही मंडळी जमतात, प्रत्येकाने आपल्याला माहीत असलेलं एक न सुटलेलं रहस्य सांगायचं, बाकीच्यांनी तर्क लढवायचा. निवृत्त पोलीस अधिकारी, वकील, लेखक, चित्रकार असे सगळे शहाणे हरतात आणि कोपऱ्यात विणत बसलेली म्हातारी उत्तर देते. ती पहिल्यांदा छापून आली तीही याच मालिकेतल्या कथेतून, डिसेंबर 1927 मध्ये. एक कथा म्हणजे एका दुपारचं काम. इंग्रजीची भीती असेल तर इथेच मोडते.

मग 1950 चं ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’. गावच्या वर्तमानपत्रात छोटी जाहिरात येते: अमुक शुक्रवारी, संध्याकाळी साडेसहाला, अमुक घरी खून होणार आहे, मित्रमंडळींनी हीच सूचना समजून यावं. आणि सगळे जातात! (आपणही गेलो असतो. चहा तरी मिळतो का बघायला.) हे पुस्तक मला सगळ्यांत जवळचं वाटतं. युद्ध संपलंय, रेशन चालू आहे, आणि गावात आता कुणी कुणाला मुळापासून ओळखत नाही. पूर्वी नवीन माणूस आला की कुणाची तरी ओळखीची चिठ्ठी घेऊन यायचा. आता तो स्वतःबद्दल सांगेल तेच खरं. मंगळवार पेठेतल्या वाड्यातून आम्ही जुळे सोलापुरात राहायला आलो तेव्हा मला अगदी असंच झालं होतं. वाड्यात समोरच्यांचं गोत्र, कर्ज आणि मूळव्याध, सगळं माहीत होतं. इथे समोरच्या बंगल्यातले लातूरचे की विजापूरचे, हे कळायला दोन वर्षं लागली.

तिसरं, 1957 चं ‘4.50 फ्रॉम पॅडिंग्टन’. दोन गाड्या शेजारशेजारच्या रुळांवरून एकाच दिशेने जातात. एका गाडीतल्या बाईला दुसऱ्या गाडीच्या खिडकीत गळा आवळला जाताना दिसतो. प्रेत सापडत नाही, म्हणून तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. विश्वास ठेवते ती फक्त तिची मैत्रीण. सोलापूर रेल्वेवाल्यांचं गाव, त्यामुळे आमच्याकडे ही प्रत सगळ्यांत जास्त फिरते. यातली ल्यूसी नावाची मुलगी गणितात अव्वल असूनही घरकामाचा व्यवसाय निवडते, कारण चांगल्या घरकामाला सगळ्यांत जास्त मागणी आहे हे तिने हेरलेलं असतं. त्या मुलीवर आम्ही एक पूर्ण रविवार भांडलो आहोत.

पहिली कादंबरी, 1930 चं ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज’, थोडी मागे ठेवा. तिच्यातली मार्पल जरा कडवट आहे. ‘स्लीपिंग मर्डर’ 1976 मध्ये, ख्रिस्ती गेल्यानंतर आलं. ते त्यांनी महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवलं होतं. म्हणून शेवटच्या पुस्तकात म्हातारी अचानक तरुण वाटली तर तुमची चूक नाही.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी झेपेल का?

झेपेल. कोझीचं इंग्रजी इतर साहित्यापेक्षा सोपं, कारण अर्धं पुस्तक संवादच असतात. अडतात ती नावं. पहिल्या तीस पानांत पंधरा माणसं येऊन जातात आणि सगळी मिस अमुक, मिसेस तमुक. एका कागदावर नाव आणि समोर नातं लिहून ठेवा, लग्नाच्या आहेराची यादी करतो तसं. तो कागद पुस्तकात खूण म्हणूनही उपयोगी पडतो.

आणखी अडतो तो गावगाडा. व्हिकर म्हणजे गावच्या चर्चचा धर्मगुरू, व्हिकारेज म्हणजे त्याचं घर. पार्लरमेड ही पाहुण्यांसमोर येणारी मोलकरीण, स्वयंपाकीण वेगळी, आणि त्या दोघींचं पटत नाही हे धरून चाला. कर्नल किंवा मेजर दिसला की तो हिंदुस्थानात किंवा आफ्रिकेत नोकरी करून आलेला असतो आणि शिकारीच्या लांबलचक गोष्टी सांगून लोकांना पिळतो. कंटाळून ऐकणं सोडू नका, एवढंच सांगते.

पुस्तक संपायच्या आत खुनी ओळखायचा कसा?

1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स या लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. तो स्वतः कॅथलिक धर्मगुरू, त्यामुळे आज्ञा दहाच असणार. कुणाला माहीत नसलेलं विष वापरायचं नाही. गुप्त खोली एकापेक्षा जास्त नको. जुळे भाऊ आणायचे असतील तर वाचकाला आधी कल्पना द्या. शोधकाला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. थोडक्यात, खेळ बरोबरीचा. उत्तर तुमच्या समोरच ठेवलेलं असतं, फक्त तुम्ही दुसरीकडे बघत असता.

तर बघायचं कुठे? माझे अनुभव सांगते.

खोलीतल्या वस्तूंची यादी आली की मधली वस्तू पाहा. पहिली आणि शेवटची लक्षात राहते, म्हणून कामाची वस्तू लेखिका मध्ये सारते. मोलकरीण, मूल किंवा जरा वेडसर ठरवलेली म्हातारी काही बोलली आणि बाकीच्यांनी हसण्यावारी नेलं, तर त्या पानाचा कोपरा दुमडा (माझ्या पुस्तकाचा नव्हे). एखादी महत्त्वाची गोष्ट सांगून होताच लगेच कुणी कप पाडला, फोन वाजला, भांडण झालं, तर तो कप मुद्दाम पाडलेला आहे. आणि वेळ. खून किती वाजता झाला हे ज्याच्या सांगण्यावरून ठरलं, त्या माणसाला पुस्तक संपेपर्यंत सोडू नका.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मार्पलची रीत. ती पुराव्यांपेक्षा माणसांचे नमुने ओळखते. हा तरुण अगदी आमच्या गावच्या मासळीवाल्याच्या पोरासारखा आहे, ही बाई त्या अमक्या मोलकरणीसारखी, असं ती म्हणते आणि सगळे हसतात. आपण काय वेगळं करतो? नवीन जावयाला पाच मिनिटं पाहून आमच्या आत्या म्हणायच्या, ‘हा आपल्या दत्तूसारखा आहे, पैसे सांभाळून द्या.’ दत्तू कुणाला आठवतही नव्हता. जावई मात्र तसाच निघाला.

एवढ्याशा गावात एवढे खून? पटतं का हे?

नाही पटत. ‘मर्डर, शी रोट’ ही अमेरिकन टीव्ही मालिका 1984 ते 1996 अशी बारा वर्षं चालली. तिच्यातलं समुद्रकाठचं चिमुकलं गाव इतकं रिकामं झालं असेल की गावाच्या नावावरून इंग्रजीत थट्टेचा वाक्प्रचार पडला. तिची नायिका जेसिका फ्लेचरबाई पाहुण्या म्हणून आल्या तर मी तरी दार उघडणार नाही.

विषांची एवढी बारीक माहिती या बायकांना कुठून मिळाली?

ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्की गावच्या इस्पितळात आधी परिचारिका होत्या, मग औषधं तयार करण्याच्या विभागात गेल्या आणि त्याची परीक्षाही पास झाल्या. बाटल्यांच्या कपाटांमध्ये बसून त्यांना पहिली कादंबरी सुचली. 1920 च्या त्या पुस्तकात स्ट्रिक्निनचा प्रयोग इतका अचूक होता की औषधशास्त्राच्या नियतकालिकाने कौतुक केलं. त्यांना सगळ्यांत जास्त आनंद त्या परीक्षणाचा झाला म्हणतात, आणि मला ते पटतं.

एक खरी घटना मी प्रत्येकीला सांगते. 1977 मध्ये कतारहून एक आजारी तान्हं बाळ लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात आणलं. डॉक्टरांना निदान होईना. तिथली एक नर्स ख्रिस्तींचं ‘द पेल हॉर्स’ वाचत होती. त्यात थॅलियमच्या विषबाधेची लक्षणं आहेत, केस गळणं वगैरे. तिने डॉक्टरांना सांगितलं, तपासणी झाली, थॅलियमच निघालं, आणि बाळ वाचलं. ड्यूटीवर कादंबरी वाचते म्हणून त्या नर्सला कुणी बोललं असेल का, हा माझा आवडता विचार आहे.

मराठीत असं काही नाही का?

रहस्यकथा उदंड आहेत. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्याने हजाराहून अधिक लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यासाठी आमचे वडील वाचनालयात रांग लावायचे. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी एसटी स्टँडवरचे स्टॉल पोसले. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स आणला, अशोक जैन यांनी सत्यजित राय यांचा फेलूदा. सगळे वाचा.

पण फळीवर ओळीने उभे करून पाहा, शोध लावणारे सगळे पुरुष. फेलूदाच्या कथांत तर बायका जवळजवळ दिसतच नाहीत. मराठी रहस्यकथेत बाई आली ती बहुधा संकटात सापडायला, नाहीतर काळ्या चष्म्यात सिगारेट ओढायला. आपल्याकडे कथाकीर्तनापासून ओव्यांपर्यंत बायकांच्या चौकस नजरेची एवढी परंपरा, आणि एकही लक्षात राहणारी भोचक काकू रहस्यकथेत का नाही, हे मला कोडंच आहे.

बंगालीत थोडं बरं चित्र आहे. 2003 मध्ये ऋतुपर्ण घोष यांनी मार्पलच्याच एका कादंबरीवर ‘शुभ मुहूर्त’ हा चित्रपट केला. त्यातली रांगापिशी, म्हणजे आत्या, राखी यांनी केली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. मांजरं सांभाळत घरबसल्या शोध लावणारी विधवा आत्या. पाहिल्यावर आठवडाभर मला आपली मराठी आत्या का नाही, याचा राग येत होता.

भारतात घडणारं इंग्रजीतलं काही?

सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री-मालिका, पहिलं पुस्तक 2018 चं. 1921 ची मुंबई, वडिलांच्या कचेरीत काम करणारी पारशी वकील तरुणी, आणि मलबार हिलवर पडद्यात राहणाऱ्या एका मुसलमान गृहस्थाच्या तीन विधवा. पुरुष वकिलाला त्यांच्यापर्यंत जाताच येत नाही; परवीनला येतं. तीही खरं तर हौशी नाही, पण मघाशी म्हटलं ते सगळं इथे एका दारात येऊन उभं राहतं.

परवीनमागे खरी प्रेरणा आहे कॉर्नेलिया सोराबजी यांची. त्या आपल्या नाशिकच्या, जन्म 1866. ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा 1892 मध्ये दिली, पदवी मिळायला 1922 उजाडलं. मधल्या काळात त्यांनी पडदानशीन बायकांच्या इस्टेटींची प्रकरणं सांभाळली.

या पुस्तकांत खटकण्यासारखं काहीच नाही का?

आहे. मोलकरीण मेली तर दोन ओळी, मालकीण मेली तर पुस्तक. नोकर बहुधा मठ्ठ किंवा चोर. परदेशी माणूस दिसला की संशय. ज्यूंबद्दल, काळ्या लोकांबद्दल, आपल्याबद्दलही जुन्या आवृत्त्यांत अशी वाक्यं आहेत की पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. अलीकडच्या आवृत्त्यांतून प्रकाशकांनी त्यातली काही काढली. मला ते फारसं आवडलं नाही. ती वाक्यं वाचून आमच्यात एकदा जी चर्चा झाली, तीत प्रत्येकीने आपल्या घरच्या कामवालीबद्दल आपण काय बोलतो ते आठवलं. नव्या आवृत्तीने ती चर्चा झाली नसती.

आणि नवीन अमेरिकन कोझींबद्दल माझं एक गाऱ्हाणं. 1990 नंतर स्वयंपाक करणाऱ्या नायिकांची लाटच आली, प्रत्येक पुस्तकात केकच्या कृती. काही छान आहेत, पण पुष्कळांत खून हा केकवरच्या चेरीइतका उरलाय. आमच्यातल्या एकीने त्यातली बिस्किटं गूळ घालून केली. पुस्तकातल्या खुनापेक्षा त्यांची चर्चा जास्त झाली, दातांमुळे.

शेवटचं पान आधी वाचलं तर?

तुमची मर्जी. मला सांगू नका.

मुलींना कितव्या वर्षी द्यावीत?

बारा-तेराव्या वर्षापासून लघुकथा. त्याआधी नॅन्सी ड्रू, ही 1930 पासून स्वतःची मोटार चालवत शोध लावतेय. आई जे लपवून वाचते ते मुली आधीच वाचतात, हेही लक्षात असू द्या.

सोलापुरात पुस्तकं मिळतील कुठे?

पहिलं, हिराचंद नेमचंद वाचनालयाचं सभासदत्व घ्या. दुसरं, रद्दीवाले. बदली होऊन जाणारे अधिकारी इंग्रजी पुस्तकं किलोवर विकून जातात, त्यामुळे मे-जूनमध्ये चक्कर मारायची. तिसरं, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून पुणे, अप्पा बळवंत चौक, आणि संध्याकाळच्या हुतात्म्याने परत. जाताना चार तासांत अर्धी कादंबरी होते, येताना उरलेली.

ग्रीनबाई 1935 मध्ये गेल्या, त्यामुळे अमेलिया बटरवर्थ इंटरनेटवर कायदेशीर फुकट वाचता येते. ख्रिस्तींचं तसं नाही. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे 2036 संपेपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फायली मला पाठवू नका. एकीत शेवटचं प्रकरणच नव्हतं. त्याहून मोठा गुन्हा नाही.

सोलापुरात घडणारी कोझी कुणी लिहील का?

लिहायला हवी, आणि माझ्याकडे आयतं सामान आहे.

बंद जागा हवी ना? पाण्याचा दिवस घ्या. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत त्या दोन तासांत कुणीही घर सोडत नाही. कोण होतं, कोण नव्हतं, हे प्रत्येकीला पाठ असतं. ज्या घरची टाकी त्या दिवशी भरली गेली नाही, तिथे काहीतरी घडलंय. याहून पक्की साक्ष स्कॉटलंड यार्डकडेही नसेल.

धागा हवा? शेंगाची चटणी. उखळात कुटलेली आणि मिक्सरमध्ये फिरवलेली यांतला फरक बोटावर कळतो. कुटलेलीला तेल सुटतं, चिमटीत धरली की गोळा होतो. समजा, संशयित म्हणाला, मी दुपारभर आईकडे होतो, तिने कुटलेली चटणी घेऊन आलो. आणि आमची काकू नुसती डबा उघडून म्हणाली, ‘ही मिक्सरमधली आहे.’ संपलं की हो! कडक भाकरीचं तसंच. मोडताना आवाज कसा येतो यावरून ती कालची की आठ दिवसांची, हे सांगणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

नायिका कोण? माझ्या मनात पूर्व भागातली एक अक्का आहे. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारणीशी कानडी. नवरा कापडाच्या मागावर कामाला होता, आता माग भंगारात गेला. ती विड्या वळते, हात चालू, मान खाली, आणि तिन्ही भाषांतलं सगळं ऐकते. लोक एकमेकांना कळू नये म्हणून भाषा बदलतात, आणि हिला तिन्ही येतात हे विसरतात. हवालदार तिला ‘ए मावशी, बाजूला हो’ म्हणतो. पहिल्या प्रकरणाचा शेवट तिथेच. काळ जानेवारीचा, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचा: पाहुण्यांनी भरलेली घरं, गर्दी, आणि रात्री अंगावर ओढायची एक चादर जास्तीची निघते. आमच्या घरची नाही, मग कुणाची?

कुणी लिहायला बसणार असेल तर हे सगळं घ्या, मला श्रेय नको. पहिली प्रत द्या.

पुस्तक वेळेवर परत केलं नाही तर दंड आहे का?

नाही. पण ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ची माझी दुसरी प्रत दिवाळीपासून दिसत नाही आणि वहीत कुणाचंच नाव नाही. गेल्या महिन्यात फळीवर त्या जागी दुसरंच पुस्तक खोचलेलं सापडलं, त्यात शंभराव्या पानाशी एक हळदीचं बोट आणि हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट, शुक्रवारचं. आमच्यात दर शुक्रवारी पुण्याला लेकीकडे जाणारी एकच आहे. रविवारी तिच्या पिशवीकडे मी बघणार नाही. फळीवर आपोआप आलेलं दिसलं की झालं.